बोटाचा दाब आणि काचेसारखा साचा

काही दिवसांपूर्वी एका लग्नाच्या पंक्तीत आमच्या शेजारी एक पंचविशीतला तरुण बसला होता. पाने वाढून झाली, यजमानांनी 'सावकाश होऊ द्या' असे म्हटले, तोच त्याने तोंडाला रुमाल लावला, दातांवरून काचेसारखे काहीतरी अलगद काढले आणि एका लहानशा डबीत ठेवून दिले. पलीकडच्या पानावरील वृद्ध गृहस्थांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. त्यांनी कळवळून विचारले, "काय रे बाबा, एवढ्या लहान वयात कवळी?" तरुण हसून म्हणाला, "नाही आजोबा, कवळी नव्हे. दात सरळ करायचा साचा आहे हा." "मग तार कुठे आहे?" "तार नाही. हाच दात सरकवतो." आजोबांनी मान डोलावली खरी, पण त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते.

आजोबांची शंका वाटते तितकी भाबडी नव्हती. दात हाडात रोवलेला असतो. तो उपटावयाचा तर दंतवैद्याच्या मनगटाची परीक्षा होते. असा दात नखाने वाकणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याने जागचा हलावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी अविश्वसनीयच आहे. ज्यांना आता सर्वत्र 'क्लिअर अलायनर' म्हणतात त्या या पारदर्शक, काढघाल करता येणाऱ्या साच्यांच्या जाहिराती पाहिल्या, तर संगणकाच्या युगाने हे नवल एका रात्रीत निर्माण केले असावे, असा ग्रह होतो. वस्तुतः त्यामागे फार जुना आणि पुष्कळ चुकांनी भरलेला इतिहास आहे. तो इतिहास पाहिला म्हणजे साधने बदलत गेली तरी दोन गोष्टी कायम राहिल्या असे दिसून येते. दात हलविणारा दाब मंद असावा लागतो, ही एक. आणि त्या दाबावर जाणत्याची नजर असावी लागते, ही दुसरी. यांपैकी पहिली गोष्ट नव्या साच्याने फार चांगली साधली आहे. दुसरीचा विसर पडण्याचा संभव मात्र त्याच साच्याच्या सोयीने निर्माण केला आहे. म्हणून या विषयाची थोडी चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

वेड्यावाकड्या दातांकडे आपल्या पूर्वजांचे लक्ष गेले नव्हते असे नाही. वाग्भटाने दंतरोगांची जी गणना केली आहे तीत 'कराल' या नावाने विकट दातांचा निर्देश आहे, आणि जादा उगवलेल्या दाताला 'अधिदंत' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. परंतु माधवनिदानात या करालाला असाध्य ठरविले आहे. अधिक दात काढून टाकता येतो, पण वाकडा दात सरळ करता येत नाही, असाच निर्णय त्या काळच्या अनुभवाने दिला असावा.

याच्या उलट मताचा एक छोटासा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याच्या वैद्यकावरील ग्रंथात सापडतो. मुलाचा दुधाचा दात पडण्यापूर्वीच त्याच्याजवळ दुसरा दात उगवला, तर दुधाचा दात काढून टाकावा आणि नवा दात रोज बोटाने त्याच्या योग्य जागेकडे दाबीत जावा. तो पुरता वाढेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा, असे तो सांगतो. या उपायाला ना शस्त्र लागते, ना औषध. बोट, नियम आणि धीर एवढीच काय ती सामग्री. सेल्ससला दाताच्या मुळाशी काय घडते याची कल्पना असणे शक्य नव्हते. तथापि 'रोज' आणि 'थोडे' या दोन शब्दांत या शास्त्राचे अर्धे रहस्य त्याने सांगून ठेवले होते.

पुढील कित्येक शतके या सूचनेला व्यवस्थित रूप आले नाही. ते आले फ्रान्समध्ये, १७२८ साली. त्या वर्षी पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार याने दंतशस्त्रक्रियेवरील आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जत्रेत दात उपटणाऱ्या भोंदूंच्या हातून हा धंदा सोडवून त्याला विद्येची पदवी मिळवून दिली. दात सरळ करण्याकरिता त्याने धातूची एक अरुंद पट्टी वर्णिली आहे. तिला छिद्रे पाडलेली असत. ती दातांच्या रांगेला लावून दोऱ्याने वाकडे दात तिच्याशी बांधीत, म्हणजे दोऱ्याच्या ताणाने ते हळूहळू पट्टीकडे ओढले जात. पण हाच फोशार घाईच्या प्रसंगी चिमट्यासारख्या हत्याराने दात एकदम पिरगाळून सरळ करी आणि शेजारच्या दातांना बांधून टाकी. एकाच ग्रंथात संथ मार्ग आणि जबरदस्तीचा मार्ग शेजारी शेजारी नांदताना पाहून आज आपण चकित होतो. परंतु कोणता मार्ग का बरा, हे ठरविण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती येऊ लागले. १८७६ साली जॉन नटिंग फॅरर या अमेरिकन दंतवैद्याने आपल्या प्रयोगांवरून असे प्रतिपादन केले की, दातावरील ओढ सतत नसावी, मधूनमधून द्यावी, आणि तिला ठरलेली मर्यादा असावी. सकाळी इंचाचा २४० वा भाग आणि संध्याकाळी पुन्हा तितकाच, एवढ्या बेताने दात हलविला तर रोग्याला वेदना होत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. इंचाचा २४० वा भाग म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहावा हिस्सा. केवळ अंदाजाने चाललेल्या धंद्यात अशा बारीक मोजमापाची भाषा बोलली जाऊ लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

मग १९०४ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट याने कुत्र्याच्या दातांवर प्रयोग करून, सरकलेल्या दाताभोवतीच्या हाडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तेथे त्याला जे दिसले त्यातच पंक्तीतल्या आजोबांच्या शंकेचे उत्तर आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक नाजूक पडदा असतो, आणि हाड स्वतः जिवंत असते. ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड झिजते. ज्या बाजूला ताण पडतो तेथे नवे हाड भरते. म्हणजे आपण दात सरकवितो असे म्हणतो, तेव्हा खरे पाहता दाताला वाट करून देण्याचे काम शरीरच करीत असते. आपण त्याला फक्त विनंती करीत असतो. ही विनंती दरडावणीच्या सुरात केली तर काय होते, तेही या प्रयोगांत दिसून आले. दाब फार झाला की त्या ठिकाणचा रक्तप्रवाह थांबतो, तंतूंचा पडदा निर्जीव होतो, आणि दात पुढे जाण्याऐवजी अडून बसतो. पुढे १९३२ साली श्वार्झ याने असा सिद्धांत मांडला की, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताचा जितका दाब असतो त्यापेक्षा दातावरील दाब अधिक नसावा. हा हिशेब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅम इतका भरतो. म्हणजे सेल्ससने सांगितलेले बोट हळुवार असेल तरच शहाणे, हे दोन हजार वर्षांनंतर सप्रमाण सिद्ध झाले.

इकडे प्रत्यक्ष व्यवहारात या शास्त्राची घडी बसविण्याचे श्रेय एडवर्ड अँगल (१८५५ ते १९३०) या अमेरिकन गृहस्थाकडे जाते. १८९९ साली त्याने दातांच्या व्यंगांचे वर्गीकरण केले. पुढचे दात कसे दिसतात यावर भर न देता, वरच्या आणि खालच्या पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, हा त्याचा पाया होता. दात सरळ करणे म्हणजे शोभेची रांग लावणे नव्हे. वरचा आणि खालचा जबडा यांचा सांधा नीट जुळविणे होय, हा विचार त्याच्यामुळे रुजला. दात धातूच्या पट्ट्यांनी वेढून त्यांतून तार ओवण्याची जी पद्धत त्याने विकसित केली, तिच्या १९२० नंतरच्या सुधारलेल्या रूपावरच आजच्या बहुतेक 'ब्रेसेस' उभ्या आहेत. तार तोंडात कायमची बसविलेली असल्याने रोग्याच्या इच्छेवर काही अवलंबून राहात नसे. सर्व सत्ता वैद्याच्या हाती होती. आणि दर महिन्या दोन महिन्यांनी त्याच्या खुर्चीत जाऊन बसणे अपरिहार्य होते.

मात्र या सत्तेची किंमत रोग्याला मोजावी लागे. लोखंडी जाळे घेऊन हसावयाचे कसे, हा प्रश्न शाळकरी मुलांपेक्षा प्रौढांना अधिक सतावी. १९५५ साली मायकेल ब्यूनोकोर याने आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर राळेसारखा पदार्थ चिकटविण्याची युक्ती दाखविली. तिच्यामुळे पुढे प्रत्येक दाताभोवती पट्टी गुंडाळण्याची गरज उरली नाही. लहानशी चकती चिकटविली तरी भागू लागले. नंतर दाताच्या रंगाच्या चकत्या आल्या, दातांच्या मागच्या बाजूने तार बसविण्याची पद्धतही निघाली. परंतु तार ती तारच राहिली.

तारेवाचून दात हलविण्याची कल्पना याच्या आधीच एकाच्या डोक्यात येऊन गेली होती. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातल्या हॅरोल्ड केसलिंग याने १९४५ साली एक रबरी साधन प्रसिद्ध केले. तारेचे काम संपत आले की तो रोग्याच्या दातांचा प्लास्टरचा ठसा घेई, त्यातील दात करवतीने सुटे करी, आणि ते जसे असावयास हवेत तसे मेणात पुन्हा रोवी. या सुधारलेल्या नमुन्यावर तो लवचीक रबराचा साचा बनवी आणि रोग्याला तो चावून धरावयास सांगे. दात साच्याच्या आकाराला येत आणि राहिलेली किरकोळ वाकडेपणाची उणीव भरून निघे. केसलिंगने पुढे जाऊन असेही लिहून ठेवले होते की, नमुन्यातील दात थोडेथोडे सरकवीत असे साचे एकामागून एक केले, तर मोठमोठ्या हालचालीही त्यांनी साधतील. मात्र ते आज व्यवहार्य नाही. व्यवहार्य नव्हतेच. एका रोग्यासाठी प्लास्टरचे दात वीस वीस वेळा कापून मेणात रोवावयाचे, म्हणजे वैद्याने वैद्यकी सोडून मूर्तिकाराचा धंदा पत्करावयाचा!

साच्याचा पदार्थ मात्र सुधारत गेला. १९६४ साली हेन्री नाहूम याने उष्णतेने मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा निर्वात ओढीने दातांच्या नमुन्यावर घट्ट बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. १९७१ साली पॉनिट्झ याने आणि १९९३ साली शेरिडन याने तिला अधिक सुटसुटीत रूप दिले. सरळ झालेले दात पुन्हा जुन्या जागी जाऊ नयेत म्हणून रात्री घालावयाचे पारदर्शक 'रिटेनर' याच रीतीतून सर्वत्र पसरले. आता पदार्थ तयार होता, विचार तयार होता. अडले होते ते वीस वीस नमुने कोरणाऱ्या हातांवाचून.

हे हात संगणकाने पुरविले, आणि ते त्याला जोडून देणारी माणसे दंतवैद्य नव्हती. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ ही स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यापारशास्त्र शिकलेली दोन तरुण माणसे. चिश्तीने मोठेपणी दातांना तारा लावून घेतल्या होत्या. तारा काढल्यावर दिलेला रिटेनर चुकविला की दात किंचित हलतात, आणि पुन्हा घातला की तो त्यांना जागेवर आणतो, हे त्याच्या लक्षात आले. जो साचा दात राखतो तो दात सरकवूही शकतो. मग एकाऐवजी अनेक साचे का नसावेत? हा प्रश्न केसलिंगचाच होता. पण आता संगणकाच्या पडद्यावर दात सुटे करून हवे तसे सरकविता येत होते, आणि चार्ल्स हल याने १९८६ साली पेटंट घेतलेल्या त्रिमितीय छपाईच्या रीतीने प्रत्येक पायरीचा नमुना यंत्राकडून काढून घेता येत होता. १९९७ साली या दोघांनी 'अलाइन टेक्नॉलॉजी' ही कंपनी काढली, १९९८ साली अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने तिच्या 'इनव्हिजलाइन' साच्यांना परवानगी दिली, आणि पुढल्या वर्षी ते बाजारात आले. प्रारंभीच्या काळात पडद्यावर दात सरकविण्याचे बरेचसे काम लाहोरमधील तरुण मंडळी करीत. अमेरिकेतील रोग्याचे दात लाहोरच्या कचेरीत सरळ व्हावेत, ही सेल्ससच्या बोटाने गाठलेली मोठीच मजल म्हटली पाहिजे.

साच्याची कृती समजावयास कठीण नाही. तोंडाचा ठसा, अथवा अलीकडे तोंडात फिरविलेल्या लहान कॅमेऱ्याने घेतलेला आकार, संगणकात उतरवितात. दातांची आजची आणि अखेरची स्थिती यांमधील अंतर अनेक पायऱ्यांत विभागतात. एका पायरीत दात मिलिमीटरच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका सरकतो. प्रत्येक पायरीचा नमुना छापून त्यावर प्लास्टिकचा पत्रा बसवितात. रोग्याने तो साचा दिवसातून २० ते २२ तास घालावयाचा, जेवताना आणि दात घासताना काढावयाचा, आणि एक दोन आठवड्यांनी पुढचा घ्यावयाचा. फॅररचे इंचाच्या अंशांचे गणित येथे वेगळ्या वेषात पुन्हा अवतरले आहे. काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात, कारण गुळगुळीत दातावर साच्याची पकड बसत नाही. या उंचवट्यांना ब्यूनोकोरची तीच जुनी युक्ती उपयोगी पडते.

येथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. तारेच्या पद्धतीत वैद्याच्या हातात असलेली सत्ता साच्याने पुष्कळ अंशी रोग्याच्या हाती दिली. साचा डबीत पडून राहिला तर दात हलणार नाही. आरंभी घरच्या माणसाच्या बोटाकडे असलेले काम फोशार आणि अँगल यांनी आपल्याकडे घेतले होते. ते पुन्हा घरी परत आले. ही गोष्ट आम्हांस वाईट वाटत नाही. दात स्वच्छ घासता येतात, हवे ते खाता येते, तारेचे टोक गालाला टोचत नाही, आणि आपल्या शरीराची शिस्त आपणच पाळण्याचा अभिमानही वाटतो.

परंतु साच्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुढचे थोडे दाटलेले किंवा थोडी फट असलेले दात तो सहज आवरतो. गोलसर सुळा स्वतःभोवती फिरविणे, दात हाडातून खाली ओढून आणणे, मुळासकट सरळ रेषेत नेणे, ही कामे त्याला जड जातात. पडद्यावर योजिलेल्या हालचालींपैकी तोंडात प्रत्यक्ष किती घडल्या, हे मोजण्याचा प्रयत्न २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाला. त्यात सरासरी ४१ टक्के अचूकता आढळली. २०२० सालच्या तशाच अभ्यासात ती ५० टक्के भरली. सुधारणा झाली यात शंका नाही. पण पडद्यावरचे चित्र ही योजना आहे, वचन नव्हे, हेही त्याच आकड्यांनी सिद्ध होते. योजना आणि हाड यांचे जमेनासे झाले की मध्येच थांबून नवा ठसा घ्यावा लागतो. आणि असे जमेनासे झाले आहे हे ओळखावयास शिकलेला डोळा लागतो.

हा डोळाच अनावश्यक ठरवू पाहणारा धंदा मध्यंतरी उभा राहिला. २०१४ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे 'स्माइलडायरेक्टक्लब' ही कंपनी निघाली. ग्राहकाने घरी स्वतःच ठसा घ्यावा, तो टपालाने पाठवावा, दूरच्या दंतवैद्याने कागदोपत्री मंजुरी द्यावी आणि साचे घरपोच यावेत, असा तिचा क्रम होता. किंमत तारेपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून लोकांची रीघ लागली. २०१९ साली तिचे भाग बाजारात विकले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले आणि डिसेंबरात ती बंद पडली. ज्यांचे दात अर्ध्या वाटेवर होते त्यांना स्थानिक दंतवैद्याकडे जाण्याचा सल्ला मिळाला. हप्त्यांनी पैसे देणाऱ्यांनी हप्ते चालू ठेवावेत, अशी अपेक्षाही वर कळविण्यात आली. दुकान बंद पडले तर घेतलेले कापड तरी आपल्याजवळ राहते. येथे मात्र लोकांच्या जबड्यांत चालू असलेले काम वाऱ्यावर सोडले गेले. हिरडीला रोग आहे काय, मुळाभोवती हाड पुरेसे आहे काय, दडलेला दात आत वाट पाहात आहे काय, हे क्ष-किरणाच्या चित्रावाचून कळत नाही. आणि रोगट हिरडीतला दात सरकविला तर तो सरळ होण्याऐवजी गळून पडण्याचा धोका असतो. त्या मंजुरीच्या कागदाआड कोणाचे बोट त्या दातावर होते, हा प्रश्न तेथे अखेरपर्यंत निरुत्तर राहिला.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. मूळ कंपनीची महत्त्वाची पेटंटे २०१७ पासून संपू लागल्यावर असे साचे बनविणाऱ्या कंपन्या जगभर वाढल्या, त्यांत आपल्या देशातील कंपन्याही आहेत. स्पर्धेने किंमत उतरते, हे चांगलेच आहे. परंतु आमच्या मध्यम वर्गात दात सरळ करण्याचा विचार पुष्कळदा मुलीचे लग्न ठरावयाच्या वेळी मनात येतो. मुहूर्ताच्या आधी सहा महिन्यांत काम व्हावे अशी घाई असते. आणि घाईच्या गिऱ्हाइकाला जाहिरात नेमके हवे तेच सांगते. आपल्याकडे कायद्याने नोंदणी झालेल्या माणसालाच ही वैद्यकी करण्याचा अधिकार दिला आहे. तो कायदा धंद्याच्या रक्षणाकरिता नव्हे, आपल्याच जबड्याच्या रक्षणाकरिता आहे, हे सुशिक्षित कुटुंबांनी तरी ओळखले पाहिजे. प्रथम जबडा तपासून घ्यावा, क्ष-किरण चित्र काढून घ्यावे, साचा बरा की तार बरी हे दोन्ही जाणणाऱ्याला विचारावे. आणि काम संपल्यावर रिटेनर घालण्याचा कंटाळा करू नये. दाताभोवतीचे तंतू जुनी जागा सहजासहजी विसरत नाहीत. किंबहुना एका तरुणाने हा कंटाळा केला म्हणूनच अलायनर जन्मास आले. पण तेवढ्यावरून प्रत्येकाचा कंटाळा एवढा फलद्रूप होईल असे नाही!

पंक्ती उठल्यावर त्या तरुणाने चूळ भरली, दात घासले आणि साचा पुन्हा बसविला. आजोबा ते कौतुकाने पाहात होते. जाता जाता त्यांनी विचारले, "मग तुझा डॉक्टर कधी बघतो हे?" "दर सहा आठवड्यांनी, आजोबा." "हां, मग ठीक आहे," असे म्हणून ते काठी टेकीत निघून गेले. या लेखात आम्ही जे इतक्या विस्ताराने सांगितले त्याचे सार त्या वृद्ध गृहस्थांच्या एका प्रश्नात आले होते. तार अदृश्य झाली यात आनंद आहे. वैद्य अदृश्य होऊ नये, एवढीच काळजी आपण घ्यावयाची आहे.